पहिली गोळी आणि तिची चित्रे

क्रांतीचा आरंभ सांगताना आपल्या पाठ्यपुस्तकांतून 'ठिणगी पडली' असा शब्दप्रयोग हमखास येतो. ठिणगी पडते म्हटले की ती कोणी टाकली, हा प्रश्न आपोआप मागे पडतो. भाषेला ही सोय आहे. चित्राला ती नाही. 'गोळीबार झाला' असे वाक्य कर्त्यावाचून लिहिता येते, पण गोळीबाराचे चित्र काढायचे म्हणजे बंदूक कोणाच्या तरी हातात द्यावीच लागते. म्हणूनच क्रांतीच्या आरंभाची चित्रे इतिहासाच्या अभ्यासकाला लिखित वृत्तांतांइतकीच, किंबहुना काही बाबतींत अधिक बोलकी वाटतात. लेखकाला टाळता येणारा निर्णय चित्रकाराला घ्यावा लागतो.

अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींनी १७७५ ते १७८३ या काळात लढून मिळवलेले स्वातंत्र्य हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. या क्रांतीच्या आरंभाची चित्रे घटना ताजी असतानाच छापली गेली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे पुनःपुन्हा काढली गेली. ही चित्रे कालक्रमाने शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. प्रसंग तोच, जागा तीच. पण वसाहतवाल्यांच्या हातांत मात्र हळूहळू शस्त्रे येत जातात. आरंभीच्या चित्रांत ते निःशस्त्र किंवा पळणारे आहेत, नंतरच्या चित्रांत ते छाती काढून गोळ्या झाडत आहेत. हा बदल कसा आणि का घडला, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

१

५ मार्च १७७० च्या रात्री, नऊच्या सुमारास, बॉस्टनच्या किंग स्ट्रीटवरील जकातघरासमोर एका पहारेकऱ्याभोवती जमाव जमला. ब्रिटिश फौज १७६८ पासून शहरात तळ देऊन होती आणि नागरिकांशी तिचे रोज खटके उडत होते. जमावातून बर्फाचे गोळे, काठ्या, शिव्या येऊ लागल्या. कॅप्टन टॉमस प्रेस्टन काही सैनिकांना घेऊन पहारेकऱ्याच्या मदतीला आला. गोंधळात गोळ्या सुटल्या. तिघे जागीच मेले, दोघे पुढे जखमांनी दगावले.

या घटनेनंतर तीनच आठवड्यांनी, २६ मार्चला, पॉल रिव्हिअर या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्राची जाहिरात बॉस्टनच्या वृत्तपत्रांत आली. हे चित्र पुढे इतके गाजले की 'बॉस्टनचे हत्याकांड' म्हटल्यावर आजही तेच डोळ्यांसमोर येते. उजवीकडे तांबड्या डगल्यातले सैनिक कवायतीच्या शिस्तीत एका रांगेत उभे आहेत. त्यांच्या मागे कॅप्टन तलवार उंचावून हुकूम देत आहे. डावीकडे सभ्य पोशाखातले नागरिक आहेत. कोणाच्याही हातात काठी नाही, बर्फाचा गोळा नाही. पुढे एक लहानसा कुत्रा स्वस्थ उभा आहे. जकातघरावर 'कसायाची वखार' अशा अर्थाची पाटी आहे आणि त्याच्या एका खिडकीतून बंदुकीची नळी डोकावते आहे. आकाशात चंद्रकोर असली तरी प्रकाश मात्र सगळीकडे इतका स्वच्छ आहे की कोणी काय केले याविषयी शंकेला जागा उरू नये.

रिव्हिअरने ही रचना मुळात स्वतः केलेली नव्हती. हेन्री पेलम या तरुण चित्रकाराने, म्हणजे प्रसिद्ध व्यक्तिचित्रकार जॉन सिंगलटन कॉपली याच्या सावत्र भावाने, ती आधी केली होती. रिव्हिअरने ती पाहिली, नक्कल केली आणि पेलमच्या आधी बाजारात आणली. आपल्याला वाटेत लुटल्यासारखे झाले, अशा अर्थाचे संतप्त पत्र पेलमने त्याला लिहिले. पण येथे अधिक महत्त्वाचे आहे ते रिव्हिअरच्याच नावावर असलेले दुसरे एक रेखाटन. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात असलेल्या या शाईच्या नकाशात रस्ते, इमारती, सैनिकांची जागा आणि कोण कोठे पडला हे वरून पाहिल्याप्रमाणे दाखवले आहे. त्यात सैनिकांचा अर्धवर्तुळाकार घोळका आहे, सरळ रांग नाही. म्हणजे रस्त्यावर माणसे कशी उभी होती याची माहिती बॉस्टनमध्ये होती. विक्रीच्या चित्राला मात्र वेगळ्या मांडणीची गरज होती. शिस्तबद्ध रांग आणि उंचावलेली तलवार आली की गोंधळातला गोळीबार ठरवून केलेली कत्तल होतो.

चित्राची ही ताकद त्याच काळातल्या माणसांनी ओळखली होती, आणि तीही न्यायालयात. त्या वर्षाच्या अखेरीस सैनिकांवर खटला चालला. त्यांचे वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्स आणि जोसाया क्विन्सी यांनी घेतले होते. दोघेही वसाहतवाल्यांच्या बाजूचे, तरीही आरोपीला बचाव मिळालाच पाहिजे या तत्त्वाने उभे राहिलेले. क्विन्सीने ज्यूरीला बजावले की घराघरांत लागलेल्या छापील चित्रांनी कल्पनेला पंख फुटले आहेत आणि भावनेच्या भरात विवेक हरवण्याचा धोका आहे. निकालात प्रेस्टन सुटला, आठपैकी सहा सैनिक सुटले आणि दोघांना सदोष मनुष्यवधासाठी अंगठ्यावर डाग देण्याची शिक्षा झाली. न्यायालयात चित्र हरले, घरांच्या भिंतींवर मात्र ते जिंकले.

२

दुसरा टप्पा पाहण्यापूर्वी काळाचे भान यावे म्हणून आपल्याकडची दोन सालेही आठवावीत. १७७३ मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. रघुनाथरावांनी याच कंपनीच्या मुंबईकरांशी सुरतेचा तह केला तो मार्च १७७५ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिल १७७५ रोजी, मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन गावच्या चौकात पहिली चकमक उडाली.

पहाटेच्या वेळी कॅप्टन जॉन पार्कर याच्या हाताखाली सुमारे सत्तर-पंचाहत्तर गावकरी मिलिशियाचे सैनिक म्हणून चौकात उभे होते. काँकर्ड येथील शस्त्रसाठा जप्त करण्यास निघालेल्या ब्रिटिश फौजेची आघाडी तेथे पोहोचली. पांगण्याचा हुकूम झाला, गावकरी पांगू लागले आणि कोठून तरी एक गोळी सुटली. ती कोणाची, हे आजवर निश्चित झालेले नाही. त्यानंतर ब्रिटिशांनी केलेल्या गोळीबारात आठ गावकरी मेले, दहा जखमी झाले. ब्रिटिशांकडचा एक सैनिक किरकोळ जखमी झाला.

वसाहतींच्या नेत्यांनी जी चपळाई दाखवली ती पाहण्यासारखी आहे. चारपाच दिवसांत प्रत्यक्षदर्शींच्या प्रतिज्ञेवर जबान्या घेतल्या गेल्या. 'क्वेरो' नावाच्या एका हलक्या जहाजातून त्या लंडनला रवाना झाल्या आणि जनरल गेज याच्या सरकारी वृत्तांताच्या सुमारे दोन आठवडे आधी तेथे पोहोचल्या. या जबान्यांचे सार एकच होते: आम्ही पांगत असताना राजाच्या फौजेने आमच्यावर गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यू हेवन येथील एमॉस डूलिटल याने काँकर्ड व लेक्सिंग्टनच्या प्रसंगांची चार कोरीव चित्रे विक्रीस काढली. राल्फ अर्ल या चित्रकाराने प्रत्यक्ष जागा पाहून केलेल्या रेखाटनांवर ती आधारलेली होती. लेक्सिंग्टनच्या चित्रात ब्रिटिश तुकडी ओळीने गोळीबार करते आहे. मेजर पिटकेर्न घोड्यावर आहे. समोरचे गावकरी पाठ फिरवून पांगत आहेत, काही जमिनीवर पडले आहेत. उलट गोळी झाडणारा एकही गावकरी सहज सापडत नाही. चित्राखालच्या सूचीत तर एका तुकडीला क्रमांक देऊन, प्रांतिकांवर प्रथम गोळ्या झाडणारी ती हीच, असे स्पष्टच लिहिले आहे. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते, ते चित्राच्या तळटिपेने देऊन टाकले.

आजच्या वाचकाला पळणाऱ्या गावकऱ्यांचे चित्र स्वातंत्र्यवीरांच्या गौरवाला साजेसे वाटणार नाही. पण १७७५ मध्ये गौरव हा हेतूच नव्हता. वसाहतवाले तेव्हा स्वतःला राजाचे प्रजाजन म्हणवत होते. स्वातंत्र्याची घोषणा व्हायला अजून सव्वा वर्ष होते. बंड हा गुन्हा होता. अन्यायाला बळी पडणे हा गुन्हा नव्हता. तेव्हा पाठीत गोळी खाणारा गावकरी हाच त्या वेळी सर्वांत प्रभावी राजकीय युक्तिवाद होता.

या संदर्भात एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. बॉस्टनच्या चित्राची मूळ रचना करणारा पेलम आणि लेक्सिंग्टनची रेखाटने करणारा अर्ल, हे दोघेही पुढे राजनिष्ठ ठरून इंग्लंडला निघून गेले. क्रांतीच्या आरंभाच्या दोन अत्यंत प्रभावी प्रतिमा ज्यांच्या हातून उतरल्या, त्यांचा त्या क्रांतीवर विश्वास नव्हता. चित्राचा अर्थ चित्रकाराच्या मतावरून काढू पाहणाऱ्या समीक्षकाने येथे थोडे थांबून विचार करावा.

३

क्रांती यशस्वी झाली, पिढी पालटली आणि गरजही पालटली. १८२४ मध्ये क्रांतियुद्धातला फ्रेंच सेनानी लाफाएत अमेरिकेच्या भेटीवर आला. काँकर्ड येथील स्वागतसमारंभात सॅम्युअल होर याने जुलमाचा पहिला सशस्त्र प्रतिकार येथे झाला, असे सांगितले. लेक्सिंग्टनकरांना ते झोंबले. काँकर्डचे म्हणणे असे की लेक्सिंग्टनला लोक मारले गेले, पण उलट गोळी प्रथम आमच्या पुलावर झाडली गेली. मग १८२५ मध्ये इलायस फिनी याने लेक्सिंग्टनच्या वतीने पुस्तक काढले. त्यासाठी हयात असलेल्या वृद्ध सैनिकांच्या नव्या जबान्या घेण्यात आल्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या जबान्यांत आम्ही पांगत होतो यावर भर होता. आता आम्हीही गोळ्या झाडल्या यावर भर आला. १८२७ मध्ये काँकर्डचे धर्मोपदेशक एझरा रिप्ली यांनी प्रत्युत्तरादाखल दुसरे पुस्तक लिहिले.

या म्हाताऱ्यांनी खोटे सांगितले असे म्हणण्याचे कारण नाही. काही गावकऱ्यांनी उलट गोळ्या झाडल्या असणे संभवनीय आहे आणि ब्रिटिशांकडचा जखमी सैनिकही त्याला दुजोरा देतो. मुद्दा असा की १७७५ मध्ये जे सांगणे अडचणीचे होते, ते १८२५ मध्ये अभिमानाचे झाले. साक्षीदार तेच, पण त्यांना विचारलेला प्रश्न बदलला होता. आधीचा प्रश्न होता: तुम्ही निर्दोष होता ना? नंतरचा प्रश्न होता: तुम्ही लढलात ना?

चित्रे या बदलाच्या पाठोपाठ आली. १८३० च्या सुमारास पेंडलटन यांच्या शिळाछापखान्यातून निघालेल्या चित्रात काही गावकरी पळत आहेत, तर काही उभे राहून नेम धरत आहेत. १८५० च्या दशकातील हॅमट बिलिंग्ज याच्या चित्रात झुंजणाऱ्यांचे प्रमाण वाढते. आणि १८८६ मध्ये हेन्री सँडम याने रंगवलेल्या 'स्वातंत्र्याची पहाट' या अर्थाच्या शीर्षकाच्या भव्य तैलचित्रात गावकऱ्यांची अभंग फळी ब्रिटिशांना सामोरी उभी आहे. प्रेक्षक आता गावकऱ्यांच्या बाजूने प्रसंग पाहतो. शत्रू धुराआड दूर गेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॅरॉल्ड मर्डॉक या बँकर असलेल्या इतिहासकाराने ही चित्रे एकापुढे एक ठेवून त्यांतला चढता क्रम दाखवून दिला, तेव्हा या पवित्र प्रसंगाकडे अशा नजरेने पाहणे अनेकांना रुचण्यासारखे नव्हते.

चहाच्या पेट्यांचेही असेच झाले. १६ डिसेंबर १७७३ ची ती घटना अंधार पडल्यावर झाली. करणाऱ्यांनी तोंडे रंगवून वेष पालटले होते आणि किनाऱ्यावरचा जमाव बव्हंशी शांत होता. नावे गुप्त राखायची असल्यामुळे वसाहतींत त्या वेळी तिची चित्रे काढण्याची घाई कोणाला नव्हती. नथॅनिएल करियर याने १८४६ मध्ये शिळाछाप चित्र काढले, त्यात लख्ख उजेड आहे आणि धक्क्यावर टोप्या उंचावून जल्लोष करणारी गर्दी आहे. आज रूढ असलेले 'टी पार्टी' हे गमतीदार नावदेखील घटनेनंतर अर्ध्या शतकाने पुस्तकांतून स्थिरावले. लपूनछपून केलेले मालाचे नुकसान उत्सव बनले.

४

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की नंतरची चित्रे म्हणजे सत्ताधारी राष्ट्राने केलेली स्वतःची आरती. तो पूर्णपणे खरा नाही. क्रिस्पस अ‍ॅटक्स याच्या प्रतिमेचा प्रवास पाहिला म्हणजे ते पटते.

अ‍ॅटक्स हा किंग स्ट्रीटवर मेलेल्या पाचांपैकी एक. आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी अशा मिश्र वंशाचा खलाशी. १७५० मध्ये एका मालकाने आपला 'क्रिस्पस' नावाचा गुलाम पळून गेल्याची जाहिरात बॉस्टनच्या वृत्तपत्रात दिली होती. तो हाच, असे बरेच अभ्यासक मानतात. रिव्हिअरच्या चित्राखाली त्याचे नाव आहे, पण चित्रात त्याला वेगळा ओळखावा असे काहीही कोरलेले नाही. बळी सभ्य नागरिक दिसायला हवे होते. खटल्यात मात्र तो ठळकपणे दिसला. बचावाच्या भाषणात जॉन अ‍ॅडम्सने जमावाचे वर्णन मस्तीखोर पोरे, काळे, आयरिश आणि परके खलाशी यांचा टोळका असे केले आणि अ‍ॅटक्सने सैनिकाच्या संगिनीला हात घातला, त्याच्या नुसत्या दिसण्यानेही धडकी भरावी, असा युक्तिवाद केला. चित्राने त्याला गोरे करून निर्दोष ठरवले. न्यायालयाने त्याला काळे ठेवून दोषी ठरवले. दोन्हीकडे तत्त्व एकच होते.

पंचाऐंशी वर्षांनी, १८५५ मध्ये, विल्यम कूपर नेल या बॉस्टनच्या कृष्णवर्णीय गुलामगिरीविरोधकाने क्रांतियुद्धातील कृष्णवर्णीय देशभक्तांवर पुस्तक लिहिले. १८५६ मध्ये विल्यम चँपनी याच्या रचनेवरून जे. एच. बफर्ड यांच्या छापखान्याने काढलेल्या चित्रात अ‍ॅटक्स मध्यभागी आला, आणि तोही सैनिकाच्या शस्त्राला भिडलेला. न्यायालयात जी कृती सैनिकांच्या सुटकेचे कारण झाली होती, तीच आता शौर्याची खूण झाली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय हे अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत, असा निर्णय दिला. त्याला उत्तर म्हणून ५ मार्च १८५८ रोजी नेलने बॉस्टनमध्ये अ‍ॅटक्स दिन साजरा केला. त्याचे म्हणणे सरळ होते: या राष्ट्राच्या आरंभी आमचे रक्त सांडले आहे, मग आम्ही परके कसे?

याच चळवळीच्या यशाचे पडसाद पुण्यापर्यंत आले होते. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. फुल्यांपुढे अ‍ॅटक्सचे चित्र होते असे सुचवण्याचा येथे उद्देश नाही. पण ज्यांना राष्ट्राच्या कथेत जागा नाही त्यांनी आरंभाकडे परत जाऊन तेथे आपली माणसे शोधावीत, ही रीत आपल्याला चांगली परिचयाची आहे. फुल्यांनी बळीराजाच्या कथेचे जे केले त्याची जातकुळी हीच होती.

तेव्हा आरंभाची प्रतिमा बदलणे म्हणजे नेहमीच खोटेपणा नव्हे. सँडमच्या चित्राने एक मान्य झालेला गौरव आणखी मोठा केला. चँपनीच्या चित्राने एक झाकलेला माणूस पुढे आणला. पहिल्या चित्राने लेक्सिंग्टनच्या गावकऱ्यांविषयी आपले ज्ञान वाढत नाही. दुसऱ्याने, त्यात कल्पनेचा अंश असूनही, रिव्हिअरने काय गाळले होते ते कळते. फरक करायचा तो येथे.

५

गंमत अशी की ज्या जॉन अ‍ॅडम्सने त्या सैनिकांचा बचाव केला, त्यालाही आरंभाचे चित्र हवे होते. १८१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जॉन ट्रंबुल या चित्रकाराकडे क्रांतीवरील चार भव्य चित्रांचे काम सोपवले. त्याच वर्षी एक्याऐंशी वर्षांच्या अ‍ॅडम्सने विल्यम ट्यूडर याला पत्र लिहून स्वतःच्या मनातले एक चित्र तपशिलवार सांगितले. त्यात बंदूक नव्हती, प्रेत नव्हते. फेब्रुवारी १७६१, बॉस्टनच्या टाउन हाउसमधील सभागृह, झगे घातलेले न्यायाधीश, आणि त्यांच्यापुढे जकात अधिकाऱ्यांच्या सरसकट झडतीच्या परवान्यांविरुद्ध बोलणारा जेम्स ओटिस. ऐकणाऱ्यांत तरुण अ‍ॅडम्स स्वतः. स्वातंत्र्याचा जन्म तेथे झाला, असे त्याचे ठाम मत होते.

ते चित्र त्याच्या हयातीत कोणी काढले नाही. रॉबर्ट रीड याने मॅसॅच्युसेट्सच्या विधानभवनासाठी ते रंगवले १९०१ मध्ये. बोलणाऱ्या माणसाचे चित्र काढणे अवघड असते. युक्तिवाद दिसत नाही, धूर दिसतो. खेरीज अ‍ॅडम्सच्या निवडीतही त्याचा स्वार्थ होताच. वकिलाला क्रांती न्यायालयात सुरू झालेली आवडणार आणि तीत आपण हजर असलो तर अधिकच.

तरीही त्याच्या निवडीमुळे रिव्हिअरच्या चित्राकडे पुन्हा पाहावेसे वाटते. त्यात दोन बाजूंच्या मधोमध, धुराच्या मागे, मनोऱ्याची एक इमारत उभी आहे. ती हेच टाउन हाउस. खाली माणसे मरत आहेत आणि मागे ते सभागृह आहे, जेथे नऊ वर्षांपूर्वी ओटिस पाच तासांच्या आसपास बोलला होता असे अ‍ॅडम्स सांगतो. रिव्हिअरने ती इमारत केवळ जागा ओळखू यावी म्हणून काढली असेल. वर्गात हे चित्र दाखवताना आपले बोट बंदुकांवर जाते, ते साहजिक आहे. ते एकदा त्या इमारतीवरही ठेवावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे: आरंभ या चित्रात नेमका कोठे आहे, आणि तो तेथे आहे हे कोणत्या साली, कोणाच्या सोयीने ठरले?